साचा एकाचा, नाव दुसऱ्याचे : टोंकाच्या गोबॉट्सचे प्रकरण

१९८४ च्या सुरुवातीस अमेरिकेतील खेळण्यांच्या दुकानांत एक लहानशी मोटारसायकल विक्रीला आली. पुठ्ठ्याच्या पाकिटावर पारदर्शक प्लॅस्टिकखाली बसवलेली ही मोटारसायकल काही मोजक्या हालचालींत उलगडली की तिचा बोटभर उंचीचा रोबो होत असे. पाकिटावर कंपनीचे नाव टोंका, मालेचे नाव गोबॉट्स आणि रोबोचे नाव साय-किल असे छापलेले होते. त्याच्या स्वभावाविषयी म्हणावी अशी माहिती एवढीच, की हा ‘शत्रू’ रोबो आहे. दुसऱ्या काही पाकिटांवर ‘मित्र’ रोबो असे होते. कोणाचा मित्र, कोणाचा शत्रू आणि भांडण कशावरून, याचा खुलासा पाकिटावर नव्हता.

काही महिन्यांनी हॅसब्रो या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने ट्रान्सफॉर्मर्स ही माला बाजारात आणली. १९८७ च्या सुमारास गोबॉट्सचा कारभार आटोपला, ट्रान्सफॉर्मर्स मात्र चार दशकांनंतरही चालू आहे. आज गोबॉट हा शब्द रोबो-खेळण्यांच्या शौकिनांत ‘स्वस्तातली नक्कल’ अशा अर्थाने वापरला जातो. कालक्रम पाहिला तर हा अर्थ उघड अन्यायाचा आहे, कारण गोबॉट्स आधी आले होते, त्यांचे मूळ जपानी खेळणे स्वतंत्र होते आणि सुरुवातीला ते चांगले खपलेही होते. आधी आलेले, परवडणारे आणि लहान हातांना सहज जमणारे खेळणे तीन-साडेतीन वर्षांत का संपले, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. माझ्या मते त्याचे उत्तर खेळण्याच्या गुणवत्तेत शोधण्यापेक्षा आपण नेमके काय विकत आहोत याविषयी टोंकाने करून घेतलेल्या समजुतीत शोधावे लागते.

जपानमधील मूळ

दोन्ही मालांची मुळे जपानमध्ये आहेत, परंतु वेगवेगळ्या घराण्यांत. गोबॉट्सचे मूळ पॉपी या कंपनीकडे जाते. पॉपी ही बंदाई या जपानी खेळणी-कंपनीची उपकंपनी. १९७४ मध्ये माझिंगर झेड या महाकाय रोबोची जड, धातूची मूर्ती काढून तिने ‘चोगोकिन’ ही माला सुरू केली आणि धातूच्या ओतीव भागांचा रोबो ही कल्पना जपानी मुलांच्या मनात रुजवली. १९८२ मध्ये पॉपीने ‘मशीन रोबो’ ही वेगळ्या धाटणीची माला काढली. चोगोकिनचे रोबो दूरचित्रवाणीवरील एखाद्या कथेतून येत, म्हणजे कथा आधी आणि खेळणे मागून. मशीन रोबोच्या मागे अशी कोणतीही कथा नव्हती. मोटारसायकल, विमान, आगगाडीचे इंजिन, रणगाडा अशी ओळखीची यंत्रे रोबो होत, एवढाच तिचा विषय होता. मूळ लहान रोबोंची किंमत ६०० येन होती आणि त्यावरून त्यांना ‘६०० मालिका’ असे नाव पडले. खिशात मावणारा आकार, सगळ्यांची साधारण सारखी उंची, थोडा धातू, थोडे प्लॅस्टिक आणि खाऊच्या पैशांतून घेता येईल अशी किंमत, असे हे नेटके खेळणे होते. एक घेतले की दुसरे घ्यावेसे वाटे, आणि सगळी एका रांगेत उभी केली तर खरोखरच एका कुटुंबातली दिसत.

ट्रान्सफॉर्मर्सचे मूळ टाकारा या कंपनीकडे आहे आणि ते असे नेटके नाही. टाकाराच्या ‘डायाक्लोन’ मालेत १९८२ पासून खऱ्या मोटारींच्या हुबेहूब लहान प्रतिकृती रोबो होऊ लागल्या. त्या मोटारींत बसण्यासाठी पायांत चुंबक असलेले इंचभर उंचीचे चालक असत. हा रोबो स्वतः सजीव नव्हता, ते माणसाने चालवायचे वाहन होते. टाकाराच्याच ‘मायक्रोमॅन’ मालेतील ‘मायक्रो चेंज’ या शाखेत मात्र घरातल्या वस्तूंचे रोबो होत. त्यांत पिस्तूल होते, कॅसेट प्लेअर होता, त्यात बसणाऱ्या कॅसेटही होत्या आणि या वस्तू जवळजवळ खऱ्या आकाराच्या होत्या. डायाक्लोनमधील मोटार आणि मायक्रो चेंजमधील पिस्तूल शेजारी ठेवले तर दोघांचा काही संबंध असावा असे कोणालाही वाटले नसते. हा विसंगतपणा पुढे महत्त्वाचा ठरला.

ही खेळणी हॅसब्रोच्या आधीही अमेरिकेत पोहोचली होती. बंदाईने ‘गोडाइकिन’ या नावाने आपले मोठे आणि महाग रोबो तेथे विकले. टाकाराने स्वतः डायाक्लोनमधील काही रोबो ‘डायाक्रॉन’ आणि ‘क्रोनोफॉर्म’ या नावांनी विकून पाहिले. म्हणजे पुढे ट्रान्सफॉर्मर्स म्हणून गाजलेल्या साच्यांपैकी काही साच्यांची खेळणी त्याच देशात, त्याच सुमारास, निराळ्या नावाने दुकानात होती आणि त्यांची फारशी कोणी दखल घेतली नाही. प्रकरण अभ्यासणाऱ्याला अशी तुलना सहसा मिळत नाही. साचा तोच, ग्राहक तोच, काळ जवळजवळ तोच असताना फरक पडला तो वेष्टनावरील मजकुराने आणि त्या मजकुरामागच्या कथेने.

ट्रक बनवणाऱ्यांचा रोबो

टोंका ही मिनेसोटा राज्यातील कंपनी. १९४६ मध्ये माउंड या गावी ती माउंड मेटलक्राफ्ट या नावाने सुरू झाली. तेव्हा तिचा बेत बागकामाची अवजारे बनवण्याचा होता, पण लवकरच ती पत्र्याची खेळणी बनवू लागली. शेजारच्या मिनेटोंका तलावावरून तिने पुढे टोंका हे नाव घेतले. पोलादी पत्र्याचे पिवळे डंपर ट्रक ही तिची खरी ओळख. मुलाने त्यावर बसावे, वाळूत ढकलावा, पावसात विसरून यावा आणि दुसऱ्या दिवशी तो तसाच मिळावा, अशी त्यांची ख्याती होती. या ट्रकांची जाहिरात ‘मायटी’ म्हणजे दणकट या शब्दाभोवती फिरत असे.

मशीन रोबोचा परवाना घेताना टोंकाने हाच चष्मा लावला होता, हे गोबॉट्सच्या घोषवाक्यावरून दिसते. ते इंग्रजीत ‘मायटी रोबॉट्स, मायटी व्हेइकल्स’ असे होते. दणकट रोबो, दणकट वाहने. ट्रक विकणाऱ्या कंपनीने ट्रकचाच शब्द उचलून रोबोला लावला. हॅसब्रोच्या घोषवाक्याचा आशय मात्र असा होता की हे वेषांतर केलेले रोबो आहेत आणि डोळ्यांना दिसते त्याहून त्यांच्यात अधिक काही आहे. पहिले वाक्य वस्तूचा गुण सांगते. दुसरे वाक्य सांगते की समोरची मोटार ही मोटार नाहीच, कोणीतरी तिच्या रूपात लपले आहे. हा ‘कोणीतरी’ गोबॉट्सच्या घोषवाक्यात नाही.

नावांतही तेच दिसते. गोबॉट्सच्या नेत्याचे नाव लीडर-१, म्हणजे ‘नेता क्रमांक १’. रणगाडा झालेल्या रोबोचे नाव टँक, डंपरचे डंपर, आगगाडीच्या इंजिनाचे लोको, हेलिकॉप्टरचे कॉप-टर आणि स्कूटरचे स्कूटर. काही नावांत शब्दखेळ आहे आणि तो गमतीचाही आहे. रुग्णवाहिकेचे रेस्ट-क्यू किंवा पोलीस गाडीचे हॅन्स-कफ ही नावे ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती यात शंका नाही. पण बहुतेक नावे यंत्राचे वर्णन करतात, पात्राविषयी काही सांगत नाहीत. आपल्याकडे बारशाला मुलाचे नाव ‘बाळ’ किंवा ‘मुलगा क्रमांक १’ ठेवावे तसा हा प्रकार झाला. येथे टोंकाला अडाणी ठरवण्याचा हेतू नाही. वाहन पाहून मूल खेळणे उचलते, नाव ते घरी जाऊन स्वतः ठेवते, हा ट्रकच्या धंद्यातील अनेक वर्षांचा अनुभव होता आणि तो खोटा नव्हता.

आणखी एक कारण मशीन रोबोच्या नेटकेपणातच होते. सारख्या उंचीचे, सारख्या घडणीचे रोबो आयते एकत्र शोभत असल्यामुळे त्यांना जोडणाऱ्या कथेची निकड टोंकाला जाणवली नसावी. हॅसब्रोच्या हातात पिस्तूल, कॅसेट प्लेअर, ट्रक आणि लढाऊ विमान असा बाजारहाट होता. ‘हे सगळे एकत्र का आहेत’ याचे काहीतरी उत्तर दिल्याशिवाय ती माला उभीच राहिली नसती. जिथे अडचण होती तिथे कथा लिहावी लागली. जिथे अडचण नव्हती तिथे ती राहून गेली.

स्वभाव छापलेला पुठ्ठा

हॅसब्रोला याचा सराव होता. ऱ्होड आयलंडमधील या कंपनीने १९८२ मध्ये आपली जुनी जी. आय. जो ही सैनिकांची माला लहान आकारात नव्याने आणली आणि त्यासाठी मार्व्हल या चित्रकथा-प्रकाशन संस्थेशी हातमिळवणी केली. यामागे एक हिशेबी युक्ती होती. खेळण्यांच्या दूरचित्रवाणी जाहिरातीत हलती रेखाचित्रे (ॲनिमेशन) किती वापरावीत यावर बंधने होती, परंतु चित्रकथेच्या मासिकाच्या जाहिरातीवर तशी बंधने नव्हती. त्यामुळे जाहिरात मासिकाची दाखवायची आणि मुलाने दुकानात सैनिक मागायचा, असा मार्ग निघाला. प्रत्येक सैनिकाच्या पाकिटामागे त्याची ओळख देणारे कात्रण असे आणि ती ओळखपत्रे मार्व्हलचे लॅरी हामा लिहीत. (१९९० च्या दशकात वाढलेल्या मराठी वाचकांना ही माला फनस्कूलच्या पाकिटांतून भेटली असेल. हॅसब्रो आणि एमआरएफ यांच्या भागीदारीतून निघालेल्या या कंपनीचा कारखाना गोव्यात आहे.)

टाकाराचे रोबो हाती आल्यावर हॅसब्रोने तीच वाट धरली. मार्व्हलचे प्रमुख संपादक जिम शूटर यांनी दोन पक्षांच्या युद्धाचा आराखडा लिहिला. मार्व्हलचेच डेनिस ओ’नील यांनी नायकाला ऑप्टिमस प्राइम हे नाव दिले. उरलेल्या बहुतेक पात्रांची नावे आणि स्वभाववर्णने बॉब बुडियान्स्की या संपादकाने १९८३ च्या अखेरीस थोड्याच दिवसांत लिहून काढली. खलनायकाचे मेगाट्रॉन हे नाव अणुस्फोटाची आठवण करून देते आणि भीतिदायक वाटते, अशी शंका हॅसब्रोकडून आली, तेव्हा खलनायक भीतिदायकच असायला हवा असे उत्तर बुडियान्स्की यांनी दिल्याची हकिगत प्रसिद्ध आहे.

या कामातील सर्वांत परिणामकारक निर्णय मात्र चालक काढून टाकण्याचा होता. डायाक्लोनचे चुंबकी माणूस अमेरिकी पाकिटात आले नाहीत. मोटारींतील आसने आणि उघडणारी दारे साच्यात होती तशीच राहिली, पण बसणारा कोणी उरला नाही, कारण आता रोबो स्वतःच सजीव होता. एका प्लॅस्टिकच्या बाहुल्याची बचत झाली आणि यंत्राला मन मिळाले. पाकिटाच्या पाठीवर प्रत्येकाचे काम, बोधवाक्य आणि स्वभावाचे वर्णन छापलेले असे. सामर्थ्य, बुद्धी, वेग, धैर्य अशा गुणांचा आलेख लाल पारदर्शक पट्टीतून पाहिल्यावरच वाचता येत असे. पहिल्या वर्षीच्या २८ पात्रांत भित्रे होते, गर्विष्ठ होते आणि नेत्याची जागा बळकावू पाहणारा स्टारस्क्रीमही होता. ज्या मुलाकडे यांतील एकच रोबो असे, त्यालाही उरलेल्या सत्तावीसांशी त्याचे काय नाते आहे हे पाकिटावरून कळत असे.

कथा आली, पण उशिरा

टोंकाही स्वस्थ बसली नाही. अमेरिकी दूरसंचार आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष मार्क फाउलर यांच्या कारकिर्दीत दूरचित्रवाणीवरील जाहिरातींची बंधने सैल झाली. १९८३ मध्ये ही-मॅनच्या मालिकेने खेळण्याभोवती रोजची मालिका चालवता येते हे सिद्ध केलेच होते. टोंकाने हॅना-बार्बेरा या कार्टूनपट बनवणाऱ्या संस्थेकडून ‘चॅलेंज ऑफ द गोबॉट्स’ ही मालिका करवून घेतली. १९८४ च्या उत्तरार्धात पाच भागांनी तिची सुरुवात झाली आणि पुढे भागांची संख्या ६५ वर गेली. ट्रान्सफॉर्मर्सची मालिका १७ सप्टेंबर १९८४ रोजी सुरू झाली होती. पडद्यावर दोघांत फारसे अंतर राहिले नाही. आवाजाचे कलाकारही काही अंशी तेच होते. फ्रँक वेल्कर एकीकडे मेगाट्रॉनला आवाज देत होते, तर दुसरीकडे गोबॉट्समधील घाबरट, प्रेमळ स्कूटरला.

‘मित्र’ आणि ‘शत्रू’ यांना गार्डियन आणि रेनेगेड ही नावे मिळाली. गोबोट्रॉन हा ग्रह आला, त्यावरचे गृहयुद्ध आले. त्या ग्रहावरील जिवांवर संकट कोसळल्यावर ‘अखेरचा अभियंता’ म्हणवणाऱ्या शास्त्रज्ञाने त्यांचे मेंदू यंत्रदेहांत बसवून त्यांना वाचवले, अशी पूर्वकथाही आली. ही कल्पना ट्रान्सफॉर्मर्समधील ऑटोबॉट आणि डिसेप्टिकॉन या दोन पक्षांच्या कथेपेक्षा कमी प्रतीची नाही, उलट तिच्यात करुणेला अधिक जागा आहे. देह गमावून यंत्रात राहावे लागलेल्या जमातीची गोष्ट कुशल हातांत पडली असती तर फार वेगळी झाली असती. प्रत्यक्षात मालिकेने हा धागा क्वचितच ओढला आणि मानवी अंतराळवीरांच्या सोबतीने साहसांची भेंडोळी सोडत राहिली. शिवाय खेळण्याच्या पाकिटाशी तिची गाठ घट्ट नव्हती. पाकिटे आधी दुकानात गेली, नावे आधी छापून झाली आणि पात्रे मागाहून घडवली गेली. लीडर-१ नावाच्या पात्राला स्वभाव देणारा लेखक किती स्वभाव देणार?

१९८६ : दगड

किमतीचा मुद्दाही येथे नोंदवला पाहिजे, कारण तो टोंकाच्या बाजूचा वाटतो आणि अखेर तिच्यावर उलटतो. लहान गोबॉट स्वस्त होता आणि पाच-सहा वर्षांच्या मुलालाही मोठ्यांच्या मदतीशिवाय उलगडता येत असे. ऑप्टिमस प्राइमची किंमत त्याच्या कैकपट. सुरुवातीच्या विक्रीत हा स्वस्तपणा उपयोगी पडला. पुढे मात्र त्यामुळे अशी वाटणी झाली की धाकट्याला गोबॉट आणि वाढदिवसाला ट्रान्सफॉर्मर. धाकटे मूल मोठे झाले की गोबॉट त्याच्या मागे सुटत असे. टोंकाने सुपर गोबॉट्स हे मोठे रोबो आणि सहा मोटारी जोडून एक मोठा देह होणारा पझलर अशी भर घातली, पण नव्या साच्यांसाठी तिला मुख्यतः बंदाईच्या भांडारावरच अवलंबून राहावे लागत होते. हॅसब्रोने टाकाराचे साचे कमी पडताच टाकातोकूसारख्या अन्य जपानी कंपन्यांचे साचेही घेतले आणि सगळ्यांना एकाच कथेत सामावून घेतले. विसंगत गोष्टींना सामावणारी कथा आधीच तयार असल्यामुळे तिला ते शक्य झाले.

१९८६ मध्ये टोंकाने रॉक लॉर्ड्स ही उपमाला आणली. हे रोबो नव्हते. ते दगड होते आणि उलगडल्यावर योद्धे होत. २१ मार्च १९८६ रोजी प्रदर्शित झालेला गोबॉट्सचा चित्रपट मुख्यतः त्यांच्यासाठीच होता. मार्गो किडर, रॉडी मॅकडॉवल आणि टेली सव्हालस यांच्यासारख्या नामवंतांचे आवाज घेऊनही तो चालला नाही. मोटार रोबो होते यातली मौज ही की मोटार स्वतःही हवीहवीशी असते, रोबो मिटला तरी हातात खेळायला काहीतरी उरते. रॉक लॉर्ड मिटल्यावर हातात दगड उरतो, आणि दगड अंगणात फुकट मिळतो. वाहनांवर आयुष्य काढलेल्या कंपनीने नेमके वाहनच सोडून द्यावे, हा या साऱ्या प्रकरणातील मला सर्वांत न उलगडलेला भाग आहे.

ट्रान्सफॉर्मर्सचा चित्रपट त्याच वर्षी ८ ऑगस्टला आला आणि तोही तिकीटबारीवर पडला, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. चित्रपटाच्या अपयशाने गोबॉट्स बुडाले, असे म्हणूनच म्हणता येत नाही. फरक प्रतिक्रियेत होता. हॅसब्रोला जुनी खेळणी काढून नवी आणायची होती, म्हणून चित्रपटात ऑप्टिमस प्राइमला मारण्यात आले. मुले चित्रपटगृहात रडली, पालकांनी तक्रारी केल्या, आणि पुढच्याच मोसमात मालिकेत त्याला परत आणावे लागले. एका विक्री-यादीतील नोंद रद्द केल्याबद्दल लोक रडत नाहीत. येथे कंपनीच्या दृष्टीने उत्पादन बदलत होते, मुलांच्या दृष्टीने घरातले माणूस गेले होते. लीडर-१ साठी असे रडण्याची वेळ कोणावर आली नाही, कारण माला हळूहळू दुकानांतून नाहीशी झाली तेव्हा तिच्यातले कोणी मेले नव्हते.

नाव आणि देह

जपानमध्ये या काळात उलट प्रवास घडत होता. टाकाराने १९८५ मध्ये अमेरिकी कथेसह ट्रान्सफॉर्मर्स स्वदेशी नेले आणि डायाक्लोनला विश्रांती दिली. बंदाईनेही १९८६ मध्ये मशीन रोबोला ‘क्रोनोसचा महाप्रतिघात’ या आशयाच्या नावाची दूरचित्रवाणी मालिका दिली. तीत साय-किलचा मूळ अवतार बाइक रोबो हा सज्जनांच्या बाजूला होता. एकच साचा एका देशात खलनायक आणि दुसऱ्या देशात नायक ठरला, यावरून त्या मोटारसायकलीच्या अंगी स्वतःचा असा स्वभाव कधीच नव्हता हे दिसते.

टोंकाने १९८७ मध्ये केनर पार्कर ही आपल्याहून मोठी कंपनी कर्ज काढून विकत घेतली आणि त्या ओझ्यातून ती सावरली नाही. १९९१ मध्ये हॅसब्रोने टोंकालाच विकत घेतले. त्यामुळे गोबॉट्स, साय-किल, लीडर-१ ही नावे प्रतिस्पर्ध्याच्या मालकीची झाली. साचे मात्र टोंकाचे कधी नव्हतेच, ते बंदाईकडे राहिले. जुना साय-किल जसाच्या तसा पुन्हा काढायचा झाला तर देह एका कंपनीकडून आणि नाव दुसऱ्या कंपनीकडून मागावे लागेल. हॅसब्रोने पुढे गो-बॉट्स हे नाव ट्रान्सफॉर्मर्सच्याच छोट्या मोटारींना दिले.

गोबॉट्समध्ये बग बाइट नावाचा एक रेनेगेड होता आणि तो फोक्सवॅगनची बीटल मोटार होत असे. ट्रान्सफॉर्मर्समधील पिवळा बंबलबी हाही मूळचा बीटलच. २००७ मध्ये ट्रान्सफॉर्मर्सच्या अधिकृत संग्राहक-मेळाव्यासाठी बगबाइट या नावाचे एक खास खेळणे काढण्यात आले. त्यासाठी नवा साचा केला नव्हता. बंबलबीच्याच एका साच्याला पांढरा रंग देऊन ते बनवले होते.